मुकुट कोणी पाहिला?

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातली ‘मरणासन्न राजकन्या’ मरत नाहीये. जळगाव-धुळ्याकडच्या शाळांच्या सहली फर्दापूरला उतरतात, तेव्हा पोरांच्या कानावर हेच नाव पडतं. म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं.

नाव रूढ झालं ते जॉन ग्रिफिथ्स यांच्यामुळे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यातल्या चित्रांच्या प्रती करत होते. (त्यांच्याआधी हे काम करणारे रॉबर्ट गिल भुसावळला पुरलेत. दोघांच्याही बऱ्याचशा प्रती इंग्लंडमधल्या आगींत गेल्या.) करुणेच्या बाबतीत या चित्राला ग्रिफिथ्स यांनी फ्लॉरेन्स आणि व्हेनिसच्याही वर बसवलं. त्यात खोटं काही नाही. पण ते त्या मिटत चाललेल्या डोळ्यांपाशीच थांबले.

हेच दृश्य नुसत्या काळ्या शाईच्या रेषेत बघा. डीटर श्लिंगलॉफ यांच्या अजिंठा-ग्रंथात अशी आरेखनं आहेत. रंग गेला, पोपडे गेले, की नजर चेहऱ्यावर अडकत नाही. कोणाच्या हातात काय आहे ते वाचता येतं. आणि इथे एका सेवकाच्या हातात मुकुट आहे. डोक्यावर नाही, हातात. मुकुट घरी आला, त्याचा धनी आला नाही.

धनी म्हणजे नंद, बुद्धाचा सावत्र भाऊ. अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ काव्यात तो बायकोला, सुंदरीला, शब्द देऊन निघतो की तुझ्या चेहऱ्यावरचा ओला लेप वाळायच्या आत परत येतो. बुद्ध त्याच्या हाती भिक्षापात्र देतो, आणि मनात नसताना नंदाचं मुंडन होतं. कोसळलेली बाई ती सुंदरी. मरणाला कोणी जबाबदार नसतं. या मूर्च्छेला आहे.

मला यात सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती जागेची. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात दान दिलेला हा विहार. भिंतीसमोर रोज वावरणारे सगळे घर सोडून आलेले. नंदाची दीक्षा हा धर्माचा विजय, तो रंगवणं ओघानं आलंच. पण मागे राहिलेलीला एवढी जागा, सभोवती एवढ्या कावऱ्याबावऱ्या बायका? भिक्षूंच्या राहत्या घरात चित्रकाराने हे मुद्दाम मांडलं असावं, असं मी मानतो.

रेषेतही सगळं येत नाही, हेही खरं. गळून पडलेल्या बोटांचं जडपण प्रत्यक्ष भिंतीवरच कळतं. समोर वाकलेल्या बाईने तिचं मनगट धरलंय. राजकन्या मरतेय म्हटलं की ती नाडी बघणारी होते. मुकुट दिसल्यावर तिने फक्त हात धरलेला आहे.