पद्मिनीचा पत्रा

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडायला सांगतो. मी डिकी उघडायला सांगतो. स्टेपनी, जॅक, रबरी जाजम, मालकाने वर्षानुवर्षं कोंबून ठेवलेली फडकी आणि पाण्याचे कॅन, सगळं बाहेर काढायला लावतो आणि बॅटरी घेऊन आत वाकतो. विकणाऱ्याला हे आवडत नाही. त्याने सकाळी इंजिन धुऊन, बॅटरीची टोकं घासून, रॉकर कव्हर चकचकीत करून ठेवलेलं असतं आणि बघणारा मात्र मागे जाऊन कोपऱ्यातला पत्रा अंगठ्याने दाबत बसतो.

प्रीमियर पद्मिनी बघताना तर हा क्रम मी कधीच बदलत नाही, कारण या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नाही. १९५३ साली फियाटने इटलीत ११०० नव्याने आणली, ती सलग पत्र्यातच बांधलेली. फरशी, दाराखालचे उंबरे, चाकांवरच्या कमानी आणि छत मिळूनच तिचा सांगाडा होतो. तीच बांधणी कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात १९६४ पासून ११००-डीच्या रूपात आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने होत राहिली, ती थेट शतक बदलेपर्यंत. म्हणून या गाडीत पत्रा सडला म्हणजे रूप गेलं एवढ्यावर भागत नाही, गाडीच गेली. इंजिनाचं तसं नाही. चार सिलिंडरचं, १०८९ सीसीचं ते साधं सरळ यंत्र बोअर करून, रिंग-पिस्टन आणि बेअरिंगं घालून पुन्हा उभं करता येतं. पुण्याची नाना पेठ किंवा कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घातला तर अजून बरंचसं सामान हाती लागतं, आणि हे इंजिन झोपेत उघडणारे मेस्त्री अजून आहेत. सडलेला उंबरा कापून, दारांच्या फटी न बिघडवता नवा पत्रा बसवणारा टिंकर मात्र शोधावा लागतो. सापडला तर त्याचं बिल इंजिनाच्या कामापेक्षा मोठं येतं. बंद इंजिनाची पण कोरड्या पत्र्याची पद्मिनी मी आनंदाने घेईन. सुरेल इंजिनाची सडकी पद्मिनी फुकट दिली तरी नको.

सडण्याच्या तिच्या जागा ठरलेल्या आहेत. मागचे कमानपाटे जिथे अंगाला टांगलेले असतात ती जागा पहिली, कारण तिथे चिखल साचतो आणि वजनही तिथेच येतं. मग उंबरे. मग दारांचा तळ, जिथली पाणी जायची भोकं पानाफुलांच्या कचऱ्याने बुजतात आणि पावसाचं पाणी आतल्या आत मुरत राहतं. मग पुढच्या काचेच्या रबराखालची पट्टी, आणि शेवटी चालकाच्या पायाखालची फरशी. फरशीवरचं जाजम चिकटवलेलं असेल तर मी ते उचलू द्यायची विनंती करतो. नकार आला तर तिथेच नमस्कार करतो.

पुट्टी ओळखायला कापडात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक पुरतं. पत्र्यावर ते टपकन बसतं, पुट्टीचा थर जाड असेल तिथे घसरून पडतं. त्याहून मला आवडणारी खूण छताच्या पन्हाळीत असते. कारखान्यातल्या स्पॉट वेल्डिंगचे बारीक गोल खळगे तिथे सारख्या अंतरावर ओळीने दिसतात. मागची खिडकी ते पुढची काच अशी बोटं फिरवत जावं. ओळ अखंड असेल तर त्या बाजूला मोठा मार बसलेला नाही. मध्येच खळगे नाहीसे होऊन सपाट, गुळगुळीत भाग लागला, किंवा गॅस वेल्डिंगची खडबडीत शिवण लागली, तर छत किंवा खांब कधीतरी बदललेला आहे. वरच्या रंगावरून हे डोळ्यांना कधीच कळत नाही.

गाडी कुठे नांदली याला फार महत्त्व आहे. मुंबई-कोकणातली खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पत्र्याला आतून खातो. सोलापूर, सांगली, मराठवाडा इथल्या गाड्यांचा रंग उन्हाने उडतो, रबरं तडकतात, डॅशबोर्ड फुटतो, पण पत्रा कोरडा राहतो. रंग आणि रबर पैसे टाकून मिळतात. मुंबईच्या गाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बघतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य गाड्या काचेपर्यंत पाण्यात बुडाल्या. त्यातल्या कित्येक धुऊनपुसून पुन्हा बाजारात फिरल्या. सीट वरवरून धुता येते, पण सीटच्या रुळांत, डॅशबोर्डच्या मागे वायरींच्या जुडग्यात आणि हेडलाइटच्या वाटीच्या तळाशी बसलेला बारीक राखाडी गाळ राहून जातो. तो बोटाला लागला की पुढे बघायची गरज उरत नाही.

मुंबईत आणखी एक फसगत होते, ती फक्त याच गाडीच्या नशिबी आहे. पद्मिनी म्हणजे शहराची काळी-पिवळी. टॅक्सीला वयाची मर्यादा लागली आणि हजारोंनी गाड्या भंगारात गेल्या. काही मात्र रंगून ‘घरगुती, वन ओनर’ म्हणून विकायला उभ्या राहिल्या. अशी एक गाडी मी अंधेरीत बघितली. रंग दुधी, चाकांना पांढऱ्या कडा, सीटला नवं रेक्झिन, क्रोम आरशासारखं. एजंट म्हणाला, “साहेब, पारशी बाबांची गाडी. पावसात बाहेर काढलीच नाही.”

डिकीच्या फरशीवर चार भोकं बुजवलेली दिसली, नेमकी आडव्या नळकांड्याच्या पट्ट्या बसतील एवढ्या अंतरावर. मुंबईच्या टॅक्सी दोन हजारच्या दशकात सीएनजीवर गेल्या आणि टाक्या डिकीत आल्या, तेव्हाची ती भोकं. घरगुती गाडीतही सीएनजी असू शकतो, म्हणून तेवढ्यावर निकाल दिला नाही. पुढे डाव्या बाजूला, काचेजवळ, जिथे टॅक्सीचा मीटर बाहेरून बसवलेला असे, तिथे बोट फिरवलं. रंगाखाली एक किंचित उंचवटा आणि त्याच्या शेजारी एक किंचित खोलगट जागा लागली. चुंबक दोन्हीकडे घसरलं. मग मागचं दार उघडून बिजागरीच्या आतल्या बाजूला, जिथे रंगाऱ्याचा स्प्रे पोचत नाही, तिथे बॅटरी मारली. दुधी रंगाच्या कडेला काळा रंग होता, आणि पन्हाळीच्या आतल्या कोपऱ्यात, छताच्या अस्तराखाली, नखाएवढा पिवळा.

त्या गाडीवर माझा राग नव्हता. तिने किती माणसं स्टेशनावर, इस्पितळात, लग्नाला, कामाला पोचवली असतील. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. तिच्यासारखी एखादी काळी-पिवळी, मीटरसकट, छतावरच्या कॅरिअरसकट, आहे तशी कोणी विकायला काढली तर ती जपण्याच्या लायकीची वस्तू आहे. खटकलं ते तिचं आयुष्य पुसून दुसऱ्याचं लावणं. एजंटाला मी एवढंच म्हटलं, “हिला काळी-पिवळी ठेवली असती तर जास्त किंमत आली असती.”

माझी कसोटी इथेच आहे. जुन्या गाडीत झीज असणारच. ती झीज एकमेकीशी जुळते का, एवढंच बघायचं. पेडल, सीट, दाराच्या बिजागऱ्या, गिअरची दांडी, मीटर, रंग या सगळ्यांनी एकच वय आणि एकच वापर सांगितला, तर गाडी खरी आहे. त्या काळच्या मीटरला पाचच आकडे, लाख किलोमीटर झाले की पुन्हा शून्य. त्यामुळे मीटरवरच्या आकड्याला मी साक्षीदार मानतच नाही. साक्ष पेडलच्या रबराची घ्यायची.

हे जुळणं कसं असतं ते मिरजेजवळ बघितलेल्या एका गाडीत मला फार सुंदर दिसलं. माझ्या भाच्याला पद्मिनी हवी होती म्हणून आम्ही गेलो. ऐंशीच्या दशकातली, फिकट पिवळसर, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी. मालक गेल्यावर त्यांच्या पत्नीने ती विकायला काढली होती. भाचा पाहताक्षणी म्हणाला, “मामा, हिला आधी फुल पेंट मारावा लागेल.”

बॉनेटच्या कडेला रंग इतका पातळ झाला होता की खालचा प्रायमर दिसत होता. उन्हाने रंग असा जात नाही. रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसून पुसून कडा झिजतात, त्यातली ही झीज. उजव्या उंबऱ्यावर बुटाने घासलेला एक अर्धगोल होता, डाव्या उंबऱ्यावर काहीच नाही. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर मधोमध गुळगुळीत, अॅक्सिलरेटरचं फक्त उजव्या कडेला. पुढचं सलग बाकडं चालकाच्या बाजूला दबलेलं, शेजारी कमी आणि मागच्या सीटची शिवण अजून ताठ. चालकाचं दार उघडलं की केसभर खाली येत होतं, बाकीची तीन दारं जागच्या जागी. चालकाच्या काचेचं हँडल सैल, मागच्या दोन्ही काचा चढवताना हात दुखावा इतक्या जड. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला असलेल्या गिअरच्या दांडीची मूठ घामाने पांढुरकी पडली होती. एकच माणूस, एकटा, रोज, बेताने चालवत गेला. घरची मंडळी सणासुदीला मागे बसली असतील. सगळा वापर त्या गाडीत जागोजागी उमटला होता आणि कुठेही एक खूण दुसरीला खोटी पाडत नव्हती. मला त्या गाडीसमोरून हलवेना.

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. मागच्या डाव्या दाराचा रंग किंचित निराळा होता. मी विचारायच्या आधीच काकू म्हणाल्या, “तिथे बैलगाडी घासली होती. ह्यांनी मग पूर्ण दार रंगवून घेतलं, दोन दिवस जेवले नव्हते नीट.” फायलीत त्या कामाची पावतीही होती. चुंबक दारावर सगळीकडे नीट बसलं.

इंजिनाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याची परीक्षा सर्वांना माहीत असते. ती थंड इंजिनावर घ्यायची, एवढं मात्र विसरू नये. पोचताच बॉनेटला हात लावून बघावा. कोमट लागला तर आपल्या येण्याआधी गाडी तापवून ठेवली आहे आणि सकाळची अवघड स्टार्ट आपल्यापासून लपवली आहे. चोक ओढून सेल्फ मारल्यावर निळसर धूर आला आणि येतच राहिला तर इंजिन ऑइल खातंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. यातलं काहीही सौदा मोडण्याएवढं नाही, किंमत पाडण्याएवढं आहे.

चालवून बघताना मी एक युक्ती करतो. रस्त्यावर पाण्याचं डबकं असेल तर त्यातून सरळ जातो आणि पुढे थांबून मागे उमटलेले ओले पट्टे बघतो. मागची चाकं पुढच्यांच्या रेषेत आली पाहिजेत. बाजूला पडली तर अंग कुठेतरी वाकलेलं आहे. मग भर दुपारी गाडी अर्धा तास हाणायची, बंद करायची, दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू करायची. बोरघाटात उन्हाळ्यात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या पद्मिनी ज्यांनी पाहिल्यात, इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकणारे चालक पाहिलेत, त्यांना ही परीक्षा कशासाठी ते कळेल. नळीत पेट्रोलची वाफ धरायची खोड या गाडीला आहेच. रेडिएटर साफ आणि पंपाचा पडदा चांगला असेल तर ती आटोक्यात राहते. मिरजेची गाडी दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाली. मी समाधानी होतो.

कागद शेवटी बघतो, पण पैसे त्याआधी द्यायचे नाहीत. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्यायची आणि आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर जुळवायची. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणारी फेरनोंदणी झालेली आहे का, महाराष्ट्राचा पर्यावरण कर भरलेला आहे का, बोजा उतरवलेला आहे का, हे बघायचं. वारसांच्या नावावर गाडी झाल्याशिवाय ती पुढे विकता येत नाही, हे बऱ्याच घरांत ठाऊकच नसतं. आणि ज्यांच्या हाती पद्मिनीच्या पहिल्या वर्षांतली किंवा त्याआधीची ११००-डी लागेल त्यांनी एक लक्षात ठेवावं. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी व्हिंटेज नोंदणी आणली आहे. ती मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीलाच मिळते, अंगात किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेल्या गाडीला नाही. रोजच्या वापराला ती चालत नाही, पण मूळ पत्र्याची कदर आता कायद्याच्या कागदावरही आहे.

भाचा अजून रंगाचंच बोलत होता. मी त्याला म्हटलं, “घे. पण रंगाला हात लावायचा नाही, मेण लावून पुसत जा. आधी वारसाची नोंद होऊ दे, मग पैसे. आणि इतकी वर्षं उभ्या गाडीच्या ब्रेकवर विश्वास ठेवायचा नाही. चारही चाकांचे व्हील सिलिंडर, रबरी पाइप, मास्टर सिलिंडर, सगळं नवं. तोपर्यंत ही पुण्याला चालवत आणायची नाही, टेम्पोवर चढवून आणायची.” काकूंनी टेम्पोवाल्याचा नंबर शोधायला मुलाला आत पाठवलं.