मूकपट, दर्शन आणि तळ्याचे पाणी

महाडला येऊन, चवदार तळ्याच्या गावात, मूकपटावर कशाला बोलायचे, असे काहींना वाटले असेल. रास्त आहे. पण दोन्ही गोष्टी एकाच पिढीच्या आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’ लागला १९१३ साली, आणि या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले १९२७ साली. मधे चौदा वर्षे. या वर्षांत मराठी माणूस पडद्यावर काय पाहत होता, हा आजचा विषय.

आम्ही तत्त्वज्ञानवाले ‘दर्शन’ हा शब्द विचारपद्धतीसाठी वापरतो. लोक तो देवाला पाहण्यासाठी वापरतात. दादासाहेब फाळक्यांनी या दुसऱ्या अर्थाला यंत्र जोडले. गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहताना त्यांच्या मनात आले, की आपले राम-कृष्ण असे पडद्यावर का येऊ नयेत? ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम पडद्यावर आला, की प्रेक्षक हात जोडत, असे सांगतात. आता बघा, ज्याला देवळाच्या पायरीवर थांबवत होते, त्यालाही तिकीट काढून राम दिसू शकत होता. पुजारी मधे नाही, गाभारा नाही. ही लहान गोष्ट नव्हे. फाळक्यांच्या हेतूत ती असो वा नसो, ते श्रेय त्या यंत्राला दिलेच पाहिजे.

पण समीक्षकाने इथे थांबू नये. दिसले काय, हेही विचारावे.

हरिश्चंद्राची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. राज्य गेले, बायको-मुलगा विकले, शेवटी राजा काशीच्या स्मशानात डोंबाचा चाकर झाला. आपण हळहळतो. कशासाठी? राजा किती खाली गेला, म्हणून. पण तो डोंब तर रोज तिथेच उभा आहे! त्याच्यासाठी कोणी हळहळत नाही. कथेत त्याचे काम एवढेच, की राजाच्या पतनाची खोली मोजायची. शेवटी देव प्रकट होतो, राजाला सगळे परत मिळते. डोंब स्मशानातच राहतो. सत्याची परीक्षा राजाची. डोंबाच्या वाट्याला साधा प्रश्नसुद्धा येत नाही.

आता १९१९ चा ‘कालिया मर्दन’ घ्या. हा बराचसा टिकला आहे, जमेल त्याने जरूर पाहावा. फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. सुरुवातीला ती नुसते चेहऱ्यावरचे भाव दाखवते. मग त्या मुलीचाच कृष्ण होतो. त्या काळच्या साधनांत पाण्याखालची झुंज ज्या कल्पकतेने दाखवली आहे, तिला आजही दाद द्यावी लागते. कथा मात्र पाण्याची आहे. डोहात विष आहे, ते सापाचे आहे; एक पोर उडी मारते आणि पाणी सगळ्यांसाठी मोकळे होते.

सगळ्यांसाठी? इथे महाड आठवते. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोल्यांचा ठराव झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ ला महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर पाणी मोकळे झाले. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची माणसे तळ्यावर जाऊन ते प्रत्यक्ष प्यायली, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला. नंतर पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ केले. म्हणजे कालियाची गोष्ट उलटी झाली. इथे माणसाचा स्पर्शच विष ठरला. उच्च न्यायालयाचा निकाल यायला मार्च १९३७ उजाडला.

कोणी म्हणेल, सर, १९१३ च्या माणसाला १९२७ चा प्रश्न विचारणे अन्याय आहे. मला तसे वाटत नाही. सत्यशोधक समाज १८७३ चा. प्रश्न हवेत होताच.

दुसरा बचाव असा, की मूकपटाला वाचा नव्हती, तो वाद काय घालणार? हेही पटत नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ काढला. ना. ह. आपट्यांची कथा, तरुण शांतारामबापू शेतकऱ्याच्या भूमिकेत. सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात गिरणीच्या दारात उभा राहतो. देव नाही, चमत्कार नाही. अडचण आवाजाची असती, तर हा चित्रपट झालाच नसता. मात्र त्याचा विषय कर्ज होता, विटाळ नव्हे. अस्पृश्यतेला हात घालणारा प्रभातचा ‘धर्मात्मा’ १९३५ चा, बोलपटाच्या काळातला.

आणि ‘मूक’ हा शब्द तरी कोणाचा? १९११ च्या जनगणनेत देशात शंभरात सहा जणही साक्षर नव्हते. पडद्यावरच्या पाट्या बहुतेकांना दुसऱ्याने वाचून दाखवल्या तरच कळणार. मूकपटाला निदान पाट्या होत्या. त्या प्रेक्षकाला तेवढेही नव्हते. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी पत्र काढले, त्याचे नाव ‘मूकनायक’. नायक मुका नव्हे, मुक्यांचा नायक. पडद्यावरचा नायक मात्र राजा होता, नाहीतर देव.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. पाहण्याचा हक्क आणि दिसण्याचा हक्क हे दोन वेगळे हक्क आहेत. मूकपटाने पहिला स्वस्तात दिला, आणि त्याबद्दल फाळक्यांचे ऋण मानलेच पाहिजे. दुसरा त्याने दिला नाही. तो मिळवायला माणसांना पडद्यासमोरून उठून तळ्यापर्यंत चालत यावे लागले. आजचा चित्रपट पाहतानाही हाच प्रश्न विचारा: राजा रडतो तेव्हा चौकटीच्या कडेला कोण उभे आहे, आणि कॅमेरा त्याच्याकडे कधी वळणार?