जुन्नरचे भूविभाग : एक परीक्षण

शहराच्या भूमीचे निवासी, व्यापारी, औद्योगिक, शेती असे विभाग पाडून प्रत्येकास नकाशांत निराळा रंग देण्याची पद्धति महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वयें आपल्याकडे रूढ आहे. ही पद्धति जुन्नरसारख्या दोन सहस्र वर्षांच्या शहरास लावतांना तींत कोणतें न्यून राहतें, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. विषय प्रथमदर्शनीं इंजिनियरांचा वाटेल. परंतु कोणती भूमि कशासाठीं राखिली होती, हा प्रश्न मूळचा लेखसंशोधकाचाच आहे.

जुन्नरच्या लेण्यांतील ब्राह्मी लेख बर्जेस व पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८१ सालीं प्रसिद्ध केले. त्यांपैकीं एकांत अडुथुम नांवाच्या शक उपासकाच्या दानाची नोंद आहे. वडालिका येथील वीस निवर्तनें करंजांशीं व कटपुतक येथील नऊ निवर्तनें वडांशीं तींत जोडिलीं आहेत. ही भूमि त्या झाडांच्या बुडाशीं होती, कीं तिच्या उत्पन्नांतून तीं झाडें लावावयाचीं होतीं, याविषयीं मतभेद संभवतो. कोणताहि पक्ष स्वीकारिला तरी एक गोष्ट निर्विवाद आहे. जमिनीचें ठिकाण, माप व वृक्ष सांगून लेख थांबत नाहीं. कोणाचिक श्रेणीचें नांवहि तो देतो. इतर लेखांत धान्यविक्यांच्या श्रेणीनें दिलेलें लेणें व पोढी आहे. वेळूकाम करणाऱ्यांच्या व कांसारांच्या श्रेणींकडे सोंपविलेल्या ठेवी आहेत. तात्पर्य, ठिकाण, माप, प्रयोजन व राखणदार अशा चार गोष्टी त्या काळच्या व्यवस्थेंत एकत्र येत. आजचा नकाशा पहिल्या तीन सांगतो; चौथीसाठीं त्यांत रकाना नाहीं. हें पहिलें न्यून होय.

दुसरें न्यून विभागांच्या कल्पनेंतच आहे. आपल्या संग्रहांतील कित्येक दप्तरें जुन्नरी कागदावर लिहिलेलीं आहेत, हें वाचकांस सांगावयास नको. या धंद्याची नोंद पुणें जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटिअरांतहि आहे. हातकागदाची जुनी रीत अशी : रद्दी अथवा ताग भिजवून कुटावा, चुन्यांत मुरवावा, लगदा वाहत्या पाण्यांत धुवावा, काढलेले ओले ताव गुळगुळीत भिंतींवर चिकटवून वाळवावे, आणि मग खळ देऊन घोटावे. म्हणजे नदीचा कांठ हा कारखान्याचा एक भाग व राहत्या घराची भिंत हा दुसरा भाग. अशा घरास निवासी म्हणावें कीं औद्योगिक? नकाशा त्यास पिवळा रंग देऊन मोकळा होतो. तो पूर्वीचा धंदा आज उरलेला नाहीं. परंतु त्याच्या जागा ओळखण्याचें साधनहि त्या पिवळ्या रंगाखालीं नाहीसें होतें. घर व कसब यांची जेथें फारकत झाली नव्हती, तेथें ती कागदावर करणें म्हणजे शहराचा चुकीचा पाठ लावणें होय.

तिसरें न्यून संरक्षणाच्या नियमांत आहे. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या अधिनियमांत २०१० सालीं झालेल्या सुधारणेनें संरक्षित स्मारकाभोंवतीं १०० मीटर प्रतिबंधित व त्यापुढें २०० मीटर विनियमित क्षेत्र ठरविलें. शिवनेरीस त्याचा लाभ होतो, व तो नियम हितकारकच आहे. परंतु तो अंतर मोजतो, संबंध मोजीत नाहीं. डेक्कन कॉलेजानें चालू शतकाच्या पहिल्या दशकांत येथें उत्खनन करून सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष उजेडांत आणिले. जिच्या श्रेणींनीं लेणीं व पोढी दिल्या, ती वस्ती खालच्या मैदानांत होती. डोंगरापासून धरलेली दोरी तिच्यापर्यंत पोंचत नाहीं. निजामशाहीची पहिली राजधानीहि याच मैदानांत होती.

हा प्रश्न आतां लांबणीवर टाकण्याजोगा राहिला नाहीं. जुलै २०२५ मध्यें शिवनेरीसह बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत आले. याचा आम्हांस आनंद आहे. तथापि किल्ल्याकडे येणाऱ्यांची गर्दी वाढली म्हणजे पायथ्याच्या जमिनीस भाव चढतो, आणि भाव चढला म्हणजे जुना वाडा प्रथम पडतो. कमानी उभारून व दिवे लावून त्यास पुनरुज्जीवन म्हणण्याचा प्रघात आहे. पण ज्याचें जीवन काय होतें हेंच ठाऊक नाहीं, त्याचें पुनरुज्जीवन कसें व्हावें?

शेजारच्या तालुक्याचें उदाहरण बोधप्रद आहे. जुनें आंबेगांव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयांत गेलें. तालुक्यास नांव तेंच राहिलें. कचेरी घोडेगांवीं आहे. त्या गांवाच्या कागदांतील पेठ, पार, मळा यांची शहानिशा करण्यास आतां जमीनच उपलब्ध नाहीं. जुन्नरांत ती अद्याप आहे. तेथें पाणी नाहीं चढलें, पण सिमेंट चढत आहे. संशोधकाच्या दृष्टीनें दोहोंचें फळ एकच.

उपाय कायद्याबाहेरचा नाहीं. १९६६ च्या अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणें ऐतिहासिक स्थळांच्या जतनाची तरतूद विकास योजनेंत करतां येते, व प्रारूप योजनेवर नागरिकांच्या हरकती व सूचना मागविल्या जातात. अशा सूचनेस पुरावा लागतो, आणि तो नगररचनाकारांच्या कचेरींत नसून संग्राहकांच्या पेट्यांत आहे. ज्यांच्यापाशीं जुन्नरचीं वतनपत्रें, इनामपत्रें, निवाडे व महजर असतील, त्यांनीं त्यांतील चतुःसीमा उतरून घ्याव्या, प्रत्येक सीमेपुढें आजचा भूमापन क्रमांक मांडावा, आणि ती जागा कोण राखीत होतें हेंहि नमूद करावें. असें एक कोष्टक प्रारूप योजनेच्या वेळीं सादर होईल, तर नकाशांतील चौथा रकाना भरण्यास आरंभ होईल. सनद जपून ठेवावी आणि तींत वर्णिलेली जमीन जाऊं द्यावी, हा संग्रह नव्हे.