कोळसा म्हणजे कोळसाच?

औष्णिक वीजकेंद्राची आकृती आपण फळ्यावर काढतो. कोळसा, बॉयलर, टर्बाइन, जनित्र असे चार चौकोन आणि त्यांना जोडणारे बाण. आकृती चूक नाही. पण पहिला चौकोन फसवा आहे. कोणताही कोळसा कोणत्याही बॉयलरमध्ये चालतो, असा समज त्यातून होतो. धोरणे आखतानाही हाच समज डोकावतो, हा आमचा आक्षेप आहे.

वैरागच्या मुलांना हे समजावणे अवघड नाही. चुलीत लाकूड जळते. दगडी कोळशाला शेगडी लागते, कारण खालून हवा देणारी जाळी आणि राख पडायला जागा हवी. साखर कारखान्याच्या बॉयलरचेही तसेच. उसाच्या चोथ्यात, म्हणजे बगॅसमध्ये, निम्मे पाणी असते, पण राख जेमतेम दोन टक्के. वीजकेंद्रांना मिळणाऱ्या भारतीय कोळशात ती बहुधा ३५ ते ४५ टक्के असते. केवळ बगॅससाठी बांधलेल्या भट्टीत असा कोळसा टाकला, तर राख काढायची सोय अपुरी पडते आणि राखेतले वाळूसारखे कण नळ्या झिजवतात.

आता सोलापूरजवळच्या आहेरवाडी-फताटेवाडी येथील एनटीपीसीच्या केंद्राएवढा, ६६० मेगावॅटचा एक संच घेऊ. कार्यक्षमता ३८ टक्के धरली, तर एका युनिटला सुमारे २२६० किलोकॅलरी उष्णता लागते. किलोला ३५०० किलोकॅलरी देणारा कोळसा ६५० ग्रॅम लागेल, ५००० देणारा ४५० ग्रॅम. म्हणजे पूर्ण भारावर तासाला सुमारे ४३० किंवा ३०० टन. दळणाऱ्या चक्क्या, पंखे, भट्टीचा आकार, राख काढण्याची यंत्रणा हे सारे असा हिशेब करूनच ठरते.

मग कमी राखेचा कोळसा आला तर बरेच की! तसेही नाही. इंडोनेशियाच्या बऱ्याच कोळशांत राख कमी, पण ओलावा आणि बाष्पनशील द्रव्ये जास्त. तो चक्कीतच पेट घेऊ शकतो. त्यासाठी आत सोडायची हवा कमी तापवावी, तर ओला कोळसा नीट वाळत नाही. राख लवकर वितळणारी असेल, तर भट्टीच्या भिंतींवर थर चढतात आणि पाण्याला पुरेशी उष्णता मिळत नाही.

खाणींपासून दूरच्या केंद्रांसाठी असलेली ३४ टक्के राखेची मर्यादा केंद्र सरकारने २०२० मध्ये उठवली. २०२२ च्या उन्हाळ्यात टंचाई आली, तेव्हा देशी कोळशावरच्या केंद्रांना सरसकट १० टक्के आयात कोळसा मिसळायला सांगितले. ऑगस्टमध्ये ती सक्ती मागे घेतली. टंचाई खरी होती, हे मान्य. मिश्रण करताही येते. पण प्रत्येक बॉयलरची मर्यादा तपासून. सर्वांना एकच टक्केवारी हे अभियांत्रिकीचे उत्तर नव्हे. महाग कोळशाचा भार अखेर वीजबिलावर येतो आणि जास्त राखेचा भार आसपासच्या शिवारावर.

म्हणून पहिल्या चौकोनात ‘कोळसा’ एवढेच लिहून थांबू नये. त्याखाली उष्मांक, राख, ओलावा आणि बाष्पनशील द्रव्ये हे चार शब्द लिहावेत आणि वरचा हिशेब मुलांकडून करून घ्यावा.