‘सोडून दिलेलें’ घर

नायजेरियांतील यादवी युद्ध १९७० च्या जानेवारींत बियाफ्राच्या शरणागतीनें संपलें. त्यानंतरच्या दिवसांवर चिनुआ अचेबे यांनीं १९७१ सालीं ‘सिव्हिल पीस’ ही चारसहा पानांची कथा प्रसिद्ध केली. युद्ध संपल्यावर घर कोणाचें राहतें, हा प्रश्न त्या कथेनें आमच्या मनांत उभा केला.

कथानायक जोनाथन याचा एक मुलगा युद्धांत गेला. पत्नी व तीन मुलें वांचलीं, म्हणून तो स्वतःस भाग्यवान समजतो. एनुगूस येऊन पाहतो, तों शेजारच्या धनिक कंत्राटदाराच्या इमारतीचा ढिगारा झालेला, आणि आपलें लहानसें घर उभें! दारेंखिडक्या नाहींत, छपराचे कांहीं पत्रे गेले आहेत. तरी त्याच्या आनंदास सीमा नाहीं. इतक्या विपत्तींत अचेबे यांचा विनोद कोठेंही उथळ होत नाहीं, हें आम्ही त्यांचें मोठें यश मानतों.

परंतु जोनाथनचें हें भाग्य एनुगूचें आहे. १९६७ सालीं पूर्व प्रांताचे तीन भाग झाले. एनुगू इग्बोबहुल भागांत राहिलें, पोर्ट हारकोर्ट नव्या रिव्हर्स राज्यांत गेलें. १९६८ च्या मेमध्यें मध्यवर्ती सरकारच्या सैन्यानें तें शहर घेतलें. जीव घेऊन पळालेल्या इग्बोंचीं घरें ‘सोडून दिलेली मालमत्ता’ म्हणून सरकारी ताब्यांत गेलीं. मालक परतले तेव्हां आंत दुसरेच राहत होते. पुढें १९७९ च्या लष्करी हुकुमान्वयें अशा घरांच्या विक्रीस कायदेशीर मान्यता देण्यांत आली. आपल्या भूमीवरील शहरांत घरें मात्र परक्यांचीं, हें स्थानिक अल्पसंख्य जमातींचें गाऱ्हाणें खोटें नव्हतें; परंतु एका अन्यायाची भरपाई दुसऱ्या अन्यायानें होत नाहीं.

‘सोडून देणें’ या क्रियापदांत कर्त्याची इच्छा गृहीत असते. तोफांच्या भयानें निघालेल्यानें घर सोडलें नव्हतें. त्यास कुलूप लावून किल्ली बरोबर नेली असेल, तर ती परतण्यासाठींच. यादी करणारानें एका शब्दांत पळणाराचें भय पुसलें आणि दोष त्याच्याच माथीं मारला.

कथेंतील ढिगाऱ्याकडे आम्ही म्हणून पुन्हां वळतों. एनुगूंतील त्या कंत्राटदाराची इमारत पडली, तरी जागा त्याची राहिली. पोर्ट हारकोर्टांत इमारती उभ्या राहिल्या आणि मालकांच्या राहिल्या नाहींत. जोनाथनचें हंसूं ऐकतांना वाचकानें या दुसऱ्या शहराचें स्मरण ठेवावें. आपल्याच घरांत शिरतां आलें, यास एका सज्जन माणसानें दैवाची कृपा म्हणावें, यांतच त्या शांततेचें खरें मोल कळतें.