मुक्त कार्यप्रणालीसाठी हस्तसंगणकाची निवड : निकषांची चिकित्सा

प्रस्तावना

तळहातावर मावणाऱ्या संगणकावर मुक्त कार्यप्रणाली, म्हणजेच मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम, चालविण्याचे प्रयत्न एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून सातत्याने होत आले आहेत. येथे ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ यांतील भेद आधीच ध्यानात घेतला पाहिजे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पामागील विचारानुसार मुक्तता म्हणजे सॉफ्टवेअर वापरण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे आणि इतरांना देण्याचे स्वातंत्र्य होय. किमतीशी तिचा संबंध नाही. प्रत्यक्षात मात्र उपकरणाची निवड प्रोसेसरचा वेग, मेमरी, पडदा आणि किंमत यांवरच केली जाते. हे निकष दुय्यम असून ‘निर्मात्याने पाठ फिरविल्यावर हे उपकरण कोणाच्या आधारे चालणार?’ हा प्रश्न मुख्य आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

समस्येचे स्वरूप

टेबलावरील संगणकाची रचना बऱ्याच अंशी प्रमाणित झालेली आहे. त्यामुळे लिनक्सची एकच सीडी निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालू शकते. हस्तसंगणकाचे तसे नाही. त्यातील अनेक घटक स्वतःची ओळख कार्यप्रणालीला करून देत नाहीत. कोणता घटक कोठे जोडला आहे, हे कर्नेलला आधीच सांगावे लागते. निर्मात्याने ही माहिती प्रसिद्ध केली नाही, तर स्वयंसेवकांना ती तर्काने व प्रयोगाने शोधावी लागते. शिवाय उपकरण सुरू होताच चालणारा बूटलोडर कुलूपबंद असेल, तर दुसरी कार्यप्रणाली घालण्याचा मार्गच खुंटतो.

आय-पॅक आणि झौरस

या दृष्टीने दोन उपकरणांची तुलना उद्बोधक ठरते. कॉम्पॅकचा आय-पॅक २००० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कार्यप्रणालीसह बाजारात आला. तथापि त्याच कंपनीच्या केंब्रिज येथील संशोधन प्रयोगशाळेने त्यावर लिनक्स उतरविले आणि त्यातून ‘फॅमिलियर’ ही वितरण-आवृत्ती पुढे आली. शार्पचा झौरस एसएल-५५०० हा २००२ मध्ये कारखान्यातूनच लिनक्स घेऊन आला. त्यामुळे झौरस हीच स्वाभाविक निवड असे वाटणे साहजिक होते. परंतु त्याच्या एसडी कार्डाचा ड्रायव्हर केवळ बंद स्वरूपात, विशिष्ट कर्नेलपुरताच उपलब्ध होता. परिणामी ‘ओपनझौरस’च्या विकसकांपुढे जुन्या कर्नेलला चिकटून राहणे किंवा कार्डावर पाणी सोडणे, असे दोनच पर्याय उरले. आय-पॅकही निर्धोक नव्हता. बूटलोडर बदलताना वीज गेल्यास यंत्र निर्जीव होण्याचा धोका होता. तरीही यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : खोक्यातून लिनक्स निघाले, एवढ्यावरून उपकरण मुक्त ठरत नाही.

सिम्प्युटर आणि फ्रीरनर

भारतातील सिम्प्युटरचा विचार याच संदर्भात करावा लागतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक व एन्कोर सॉफ्टवेअर यांच्या पुढाकारातून साकारलेल्या या लिनक्सवरील हस्तसंगणकाने यंत्ररचनेसाठीही स्वतंत्र परवाना सिद्ध केला. स्मार्ट कार्डाच्या साहाय्याने एकच यंत्र अनेकांनी वापरावे, ही कल्पना ग्रामीण भारताच्या गरजेतून आली होती. भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या सहकार्याने ‘अमिडा सिम्प्युटर’ २००४ मध्ये विक्रीस आला. परंतु अपेक्षित प्रसार झाला नाही. त्याच सुमारास मोबाइल फोन झपाट्याने स्वस्त होत होता. मुक्ततेला वापरकर्त्यांचे पुरेसे बळ मिळाले नाही, तर आराखडा कागदावरच राहतो, हा या प्रयोगाचा धडा होय.

ओपनमोकोच्या ‘निओ फ्रीरनर’ची (२००८) स्थितीही विचारात घेण्यासारखी आहे. त्याच्या विद्युत-आकृत्या खुल्या होत्या, हे श्रेय निर्विवाद आहे. पण त्यात थ्री-जी सुविधा नव्हती आणि मॉडेमचे सॉफ्टवेअर बंदच होते. २००९ मध्ये कंपनीने नव्या फोनचे काम थांबविले. तरीही खुल्या माहितीमुळे स्वयंसेवकांना पुढील काम करणे शक्य झाले.

मॉडेमचा प्रश्न

फोनमध्ये वस्तुतः दोन संगणक असतात : एक वापरकर्त्याचा, दुसरा मॉडेमचा. सॅमसंगच्या काही गॅलेक्सी फोनमध्ये मॉडेमच्या मार्फत फोनमधील फायली वाचता व बदलता येऊ शकतात, हे ‘रेप्लिकंट’च्या विकसकांनी २०१४ मध्ये निदर्शनास आणले. म्हणून मॉडेम मुख्य संगणकापासून कितपत विलग आहे, हा निवडीचा आवश्यक निकष ठरतो. पाइनफोनमध्ये मॉडेम यूएसबीने जोडलेला असून तो बंद करण्यासाठी प्रत्यक्ष खटका दिला आहे. लिब्रेम ५ मध्ये तो काढता येण्याजोग्या कार्डावर आहे. मॉडेमच्या गाभ्यातील सॉफ्टवेअर दोन्हींत बंदच आहे. त्याच्याभोवती कुंपण घातले आहे, इतकेच. पाइनफोनचा प्रोसेसर मंद आहे आणि लिब्रेम ५ ग्राहकांच्या हाती पडण्यास दीर्घ विलंब झाला, याही मर्यादा नमूद केल्या पाहिजेत.

लिपीचा निकष

मराठी वाचकाच्या दृष्टीने आणखी एक कसोटी आवश्यक आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. रफार आणि अर्धा र यांतील हा भेद पडद्यावर नीट उमटला नाही, तर अर्थच पालटतो. बंद प्रणालीत अशी चूक निर्मात्याच्या मर्जीवर अवलंबून राहते; मुक्त प्रणालीत फाँट व अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर जाणकार वापरकर्ता स्वतः दुरुस्त करू शकतो, आणि ती दुरुस्ती सर्व मराठी भाषकांच्या उपयोगी पडते. भाषेचा अधिकार आणि यंत्राचा अधिकार येथे एकमेकांत गुंतलेले दिसतात.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून निवडीच्या निकषांचा क्रम पुढीलप्रमाणे लावता येतो. बूटलोडर खुला आहे काय, हे प्रथम पाहावे. उपकरणाचा आधार लिनक्सच्या मुख्य कर्नेलमध्ये समाविष्ट आहे काय, हे त्यानंतर तपासावे. कारण तो तेथे असल्यास एकट्या कंपनीवर विसंबावे लागत नाही. पुढे मॉडेमचे विलगीकरण, बदलता येणारी बॅटरी आणि आपल्या लिपीचे शुद्ध दर्शन यांचा विचार करावा. वेग व मेमरी यांचा क्रम यानंतरचा. फोनचे आयुष्य दहा वर्षांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवून २०१७ मध्ये सुरू झालेला ‘पोस्टमार्केटओएस’ प्रकल्प याच विचाराला पुष्टी देतो. मर्यादित उत्पन्नाच्या विद्यार्थ्याला नव्या, कुलूपबंद उपकरणापेक्षा या निकषांवर उतरणारा जुना फोन अधिक हितावह ठरू शकेल. ज्याची दुरुस्ती करण्याचा अधिकार नाही, ते उपकरण पूर्ण किंमत मोजूनही खऱ्या अर्थाने आपले होत नाही.