सामासिक शब्दाचा सांधा

सामासिक शब्द छापलेला अखंड दिसतो. उच्चारात मात्र त्याला सांधा असतो. आमच्या पांढुर्णा-सौंसर भागातील काव्यवाचने ऐकताना हा सांधा निखळत चालल्याचे जाणवते, म्हणून हे टिपण.

'मनमोकळा' हा शब्द घ्यावा. मन आणि मोकळा ही त्याची दोन पदे. हिंदी माध्यमातून शिकलेला आमचा तरुण तो 'मनमो-कळा' असा तोडतो. 'पोटतिडीक'ची 'पोटति-डीक' होते. दोष बुद्धीचा नव्हे, न ऐकण्याचा आहे. 'गोटमार' किंवा 'जामसावळी' म्हणताना तोच तरुण कधी अडखळत नाही.

अशी फसगत डच भाषेतही होते. तेथे समासात बहुधा पहिल्या पदावर जोर येतो आणि पदे जोडूनच लिहितात. 'सापळ्याचा खड्डा' या अर्थाचा त्यांचा एक शब्द एक वर्ण पुढे सरकून तोडला, तर 'ससाणा' आणि 'घुबड' हाती लागतात! पहिले अक्षर दोन्हीकडे आघाताचेच, तेव्हा जोरही वाचकाच्या मदतीला येत नाही.

मराठीचा आघात इतका ठसठशीत नाही, पण जोडाक्षरापाशी तो अर्थ बदलतो. 'दर्यावर्दी'त 'द'वर आघात येऊन 'दर्-या' असे खंड पडतात. 'दऱ्याखोऱ्या'त 'द' निराघात, लघुच राहतो. हा भेद आपण अर्ध्या 'ऱ'ने दाखवतो. हिंदी लेखनात ते चिन्ह नाही. त्यामुळे आमच्याकडील निमंत्रणपत्रिकांत व स्मरणिकांत 'दर्याखोर्या' छापले जाते, आणि सातपुड्याच्या कुशीतला माणूस फुकटचा समुद्रावर जातो. वृत्तात तर लघूचा गुरू झाला की चरणच मोडला.

पद्याची आणखी एक अडचण आहे. 'रामटेक' बोलण्यात दोन खंडांचा, गणवृत्तात चार अक्षरांचा. तेथे 'म' आणि 'क' यांतील अकार उच्चारलाच पाहिजे. गद्याच्या सवयीने तो गिळणारे वाचक आम्हांला सांधा चुकवणाऱ्यांइतकेच अपराधी वाटतात.

प्रत्येक समासात संयोगचिन्ह घालावे, असे काही जण सुचवतात. मुलांच्या पुस्तकांत ते खुशाल घालावे. काव्यग्रंथांत मात्र आम्हांला ते मान्य नाही. सभंग श्लेषाचे सारे सौंदर्य एकच शब्द दोन ठिकाणी तोडता येण्यात असते, आणि मोरोपंतांच्या यमकांची कितीतरी मौज पदे निरनिराळी तोडण्यातच आहे.